लांब रोटीचा सौदा मोडला कुणी?

आपल्या मंडळाच्या समितीने माझ्या विद्यार्थिनीला फसवलं. तिला काम देतो म्हणून शब्द दिला, हातात हात दिला, आणि मग खोटं कारण सांगून शब्द फिरवला. कारण खोटं होतं हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः जाऊन विचारून आलो आहे.

संपादकांनी माझ्याकडे खरं तर क्लासमधल्या गमतीजमती मागितल्या होत्या. "शेठ, दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं येऊ द्या." मी म्हटलं, देतो, पण एक शब्द कापायचा नाही. ते कुरकुरले. मग मी म्हटलं, मागच्या पूर्ण पानाची जाहिरात माझ्या जावयाच्या दुकानाची. कुरकुर थांबली. तेव्हा हा लेख तुमच्यापुढे आहे तो असा, घासाघीस करून आलेला. ज्यांना हलकंफुलकं हवं असेल त्यांनी पाककृतींच्या पानाकडे वळावं.

मंडळात मला सगळे शेठ म्हणतात. डॉक्टरांना डॉक्टर म्हणतात, इंजिनियरांना साहेब म्हणतात, मला शेठ. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला बरोबर कळतं. इथे टेक्ससमध्ये, अर्विंगला माझं किराण्याचं दुकान होतं. इथल्या कितीतरी घरांत पहिली तूरडाळ माझ्या दुकानातून गेली आहे. आंब्याच्या पेटीसाठी माझ्याशी तासभर हुज्जत घालणारे लोक पुढे मंडळाच्या व्यासपीठावरून "मराठी माणूस धंद्यात मागे का" यावर भाषण देताना मी पाहिले आहेत. मी मागच्या रांगेत बसून टाळ्याही वाजवल्या आहेत. गिऱ्हाईक होते ना.

दुकान विकल्यावर मंडळानेच मला विचारलं, आपल्या तरुण मुलांना छोटा धंदा कसा सुरू करायचा हे शिकवाल का? शनिवारी सकाळी लायब्ररीतली खोली मिळेल. मी हो म्हटलं, पण फी लावली. समितीत कुजबुज झाली, की शेठ इथेही सोडत नाहीत. नाही सोडत. फुकटच्या क्लासला माणूस उशिरा येतो आणि लवकर जातो.

मुलं विशी-पंचविशीतली. काही इथेच जन्मलेली, काही शिकायला आलेली आणि नोकरीच्या रांगेला कंटाळलेली. त्यांना वाटायचं मी कर्ज, कर, कंपनीची नोंदणी यांपासून सुरुवात करीन. ते सगळं सांगितलंच, पण नंतर. आधी त्यांच्या तोंडातून भाव काढायचा होता. मराठी घरातलं मूल, मग ते संगमनेरला जन्मलेलं असो की टेक्ससला, आपल्या कामाची किंमत मोठ्याने सांगू शकत नाही. "आपल्यात पैशाचं काय बोलायचं" हे त्याच्या कानात बारशापासून घातलेलं असतं.

आदित्य नावाचा एक हुशार मुलगा होता. लोकांच्या घरी जाऊन गणपतीचं मखर उभं करून द्यायचं, ही त्याची कल्पना. कल्पना चांगलीच होती, कारण इथे दोघंही नवराबायको नोकरीवर आणि हौस तर दांडगी. त्याने कॉम्प्युटरवर सुंदर चित्रं दाखवली. मग मी काकू झालो. आमच्या वर्गात हा प्रकार दर शनिवारी चाले. मी काकू व्हायचो आणि मुलांनी मला माल विकायचा.

"छान आहे रे मखर. काय घेशील बाळा?"

"अं... काकू, व्हॉटेव्हर यू आर कम्फर्टेबल विथ."

"मला डबाभर चिवडा द्यायला कम्फर्टेबल वाटतंय."

वर्ग हसला. आदित्यसुद्धा हसला. पण मी सांगतो, खरी काकू असती तर तो चिवड्याचा डबा घेऊन, थँक्यू म्हणून घरी गेला असता. मग मी त्यांना शिकवलं: भाव सांगा आणि गप्प बसा. भाव सांगितल्यावर जो आधी बोलतो तो हरतो. "पण मी कमी करू शकतो", "पण तुम्ही ओळखीचे आहात", हे सगळं आपणच आपल्या मालाला मारलेले जोडे आहेत.

ही गोष्ट जिला शिकवावी लागली नाही ती प्रणाली. तिचे आईवडील नागपूरचे, ती इथेच लहानाची मोठी झाली. कॉलेज संपवून एका ऑफिसात हिशेबाचं काम करत होती आणि तिला ते सोडायचं होतं. तिला विकायची होती लांब रोटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाचं पीठ इतकं सैल भिजवायचं की ते हातातून ओघळलं पाहिजे. मग ते आपटून आपटून त्याला तार आणायची. चुलीवर मातीचा मटका उपडा घालायचा. पिठाचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत, पार कोपरापर्यंत लांबवत न्यायचा आणि फाटू न देता मटक्यावर टाकायचा. क्षणात रोटी होते, रुमालासारखी पातळ, हातभर लांब. नागपुरात लग्नाकार्याला बायका रांगेने बसून ही रोटी करतात. प्रणाली आजीकडून शिकली. ऐन तारुण्यात माणसं मोबाइलवर बोटं फिरवतात, हिने सुट्टीत नागपूरला जाऊन हातावरचे केस जाळून घेतले.

तिच्या वेळी मी काकू झालो आणि भाव विचारला. तिने सांगितला. मी काकू म्हणून छाती पिटली, माहेरची शपथ घातली, पंजाबी केटररचा भाव सांगितला, "तू मला मुलीसारखी" असंही म्हटलं. ती शांतपणे माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "शेठकाका, आर यू डन?"

माझ्या सगळ्या आयुष्यात गिऱ्हाईक म्हणून मला इतकं चांगलं कुणी हाताळलेलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, ही पोरगी माझं दुकान खरेदी करून मलाच नोकरीला ठेवेल.

दुसरा धडा माझ्या वडिलांचा. वडील कासार. आठवडी बाजारात बांगड्या भरायचे. बांगडी मुठीवरून सरकताना दुखतं, बाई हात मागे ओढते आणि बांगडी फुटते. म्हणून वडील नेमक्या त्या वेळी विचारायचे, "माहेर कुठलं, बाई?" माहेराचं नाव निघालं की बाईचा हात सैल पडे, आणि बांगडी आत. वडिलांचं दुकान याच एका प्रश्नावर चाललं. माझंही चाललं. "गाव कुठलं? अच्छा, म्हणजे वाईच्या अलीकडे?" एवढं विचारलं की माणूस मीठ घ्यायला आलेला असतो आणि पोहे, गूळ, कोकम घेऊन जातो. परदेशात तर गावाचं नाव कुणी घेतलं की डोळ्यांत पाणी येतं. मी मुलांना सांगितलं, पत्रकं छापा, वेबसाइट करा, सगळं करा, पण गिऱ्हाइकाला गाव विचारा.

प्रणालीने हात वर केला. "आणि त्यांनी मला उलट विचारलं तर?"

"तर काय, सांगायचं! उलट विचारणारं गिऱ्हाईक म्हणजे सौदा झालाच म्हणून समज."

तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "ओके, काका." मला वाटलं, लाजली. मी पुढच्या मुद्द्याकडे गेलो. त्या "ओके"मध्ये काय होतं ते कळायला मला पुढचा सगळा प्रकार व्हावा लागला.

गणपतीच्या स्नेहभोजनासाठी समिती काहीतरी नवीन शोधत होती. मी प्रणालीचं नाव सुचवलं. लोकांच्या डोळ्यांदेखत हातभर रोटी हवेतून मटक्यावर पडतेय, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. पोरंटोरं व्हिडिओ काढतील, म्हातारी माणसं दोन घास जास्त खातील. चव बघायला अध्यक्ष आणि भोजन विभागाच्या सुलभाताई माझ्या घरी आले. अध्यक्ष म्हणजे आपले निवृत्त डॉक्टर, भला माणूस असा मलाही भ्रम होता. परसात प्रणालीने गॅसवर मटका उपडा घातला. तो मटका तिच्या आईने नागपूरहून विमानात मांडीवर धरून आणला होता.

पहिली रोटी पडली आणि अध्यक्ष लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. सुलभाताई खुर्चीवरून उठून जवळच गेल्या.

"अगं बाई! थेट नागपूर! किती वर्षांनी खातेय मी. शेठ, तुम्ही खाऊन तर बघा, हिचा हात काय आहे!"

त्यांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि घरी नेण्यासाठी दोन फॉइलमध्ये बांधून मागितल्या. प्रणाली खूश झाली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि वर्गातला धडा काढला.

"काकू, तुम्ही नागपुरात कुठल्या?"

"मी धरमपेठेची गं! आणि तुम्ही?"

"आजी इंदोऱ्याची."

"हो का," सुलभाताई म्हणाल्या.

मी आयुष्यभर काउंटरच्या मागे उभा राहिलोय. "हो का"चे सगळे प्रकार मला ठाऊक आहेत. भाव परवडला नाही की एक "हो का" असतो, माल आवडला नाही की दुसरा. हा वेगळा होता. मग त्यांनी आडनाव विचारलं. तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. नागपूरच्या लोकांना वस्तीच्या नावावरून जे कळायचं ते कळलं असेल, आणि बाकीच्यांना कळायची काही गरज नाही.

अध्यक्षांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांनी तिच्याशी भाव ठरवला, घासाघीस केली, हरले, हसले आणि हात पुढे केला. "डन! यू आर आवर स्टार धिस इयर." तिने हात मिळवला, ॲडव्हान्स घेतला. पाहुणे गेल्यावर मी टेबल आवरलं. फॉइलमध्ये बांधलेल्या रोट्या तिथेच होत्या. प्रणालीने त्या पाहिल्या. मी म्हटलं, "विसरल्या वाटतं. उद्या पोचवतो."

"नका पोचवू, काका," ती म्हणाली आणि मटका पुसायला लागली.

तरीही तिने तयारी सोडली नाही. हात मिळवलाय म्हणजे काम आपलं, हे मीच शिकवलं होतं. शहराचा परवाना काढला. मदतीला दोन मैत्रिणींना शिकवलं. ऑफिसातून रजा घेतली. मग अध्यक्षांचा तिला फोन आला, फार गोड आवाजात. हॉलवाले उघडा जाळ लावू देत नाहीत, आमचा नाइलाज आहे, तुझा ॲडव्हान्स तूच ठेव. तिने ॲडव्हान्स त्याच दिवशी परत केला.

आता मला सांगा, धंद्यात अशी अडचण येत नाही का? येते. म्हणून मी आधी चिडलो नाही. मी हॉलच्या मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, बाहेरच्या पटांगणात, छपराखाली, गॅसची शेगडी लावली तर काय अटी आहेत? ती अमेरिकन बाई म्हणाली, अट एकच, आग विझवायचं नळकांडं जवळ ठेवा. आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी मांस भाजत असतं. मी विचारलं, आमच्या मंडळातून कुणी तुम्हाला याबद्दल विचारलं होतं का? ती म्हणाली, हनी, मला कुणी काहीच विचारलेलं नाही.

तिथून मी सरळ अध्यक्षांच्या घरी गेलो. चहा आला. मी घेतला नाही.

"डॉक्टर, हॉलवाल्यांची काही हरकत नाही. मी विचारून आलो."

"अरे वा, तुम्ही कशाला त्रास घेतलात..."

"खरं कारण सांगा."

"शेठ, तुम्ही चिडू नका. मी स्वतः हे काही मानत नाही. माझे कितीतरी मित्र... पण देवाचा कार्यक्रम. काही ज्येष्ठ मंडळींना जरा अवघड वाटलं."

"कोण ज्येष्ठ मंडळी?"

"नावं कशाला? उगाच वाद होतील."

"मीही ज्येष्ठ आहे. मला कुणी विचारलं नाही."

"तसं नव्हे हो. आपण तिला डावलत नाही आहोत. उन्हाळी पिकनिकला बोलवू ना तिला! पिकनिकला काही प्रॉब्लेम नाही. पार्कात चालेल."

हे वाक्य त्यांनी समजूत घालायला म्हटलं होतं. त्यांना खरोखर वाटत होतं की ते काहीतरी चांगलं देऊ करत आहेत. पार्कात चालेल! म्हणजे रोटीत काही खोट नाही, हातात काही खोट नाही, फक्त देवासमोर नको. समुद्र ओलांडून आलो, नागरिक झालो, मुलांच्या शाळेत भेदभावाविरुद्ध सभा घेतल्या, ऑफिसात आपल्याला कुणी वेगळं वागवलं तर वकील गाठला, आणि ही घाण मात्र इस्त्री करून बॅगेत घालून आणली. मी त्यांना काय काय बोललो ते छापण्याजोगं नाही. जाहिरातीचं पान देऊनसुद्धा छापणार नाहीत.

स्नेहभोजनाला मी गेलो. मुद्दाम गेलो. ताटात पंजाबी केटररचे नान होते, थंड, चामड्यासारखे. सगळे नेटाने चावत होते. मी मागे स्वयंपाकघरात जाऊन बघितलं, नान भाजतंय कोण. होंडुरासचा एक भला माणूस होता, घामाघूम झालेला. देव त्याचं भलं करो, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याला गाव कुणी विचारलं? आडनाव कुणी विचारलं? त्याच्या हातचं देवापुढे चाललं. मी मुद्दाम सुलभाताईंच्या शेजारी बसलो.

"ताई, नान कसा आहे?"

"ठीक आहे हो. थोडा वातड आहे."

"घरी न्यायला बांधून देऊ का दोन?"

त्या ताट घेऊन उठून गेल्या. असंच व्हायला हवं होतं.

प्रणाली आता रविवारी सकाळी शेतकरी बाजारात टेबल लावते. माझ्या क्लासला येत नाही, कारण तिला आता त्याची गरज नाही. फलक इंग्रजीत आहे. तिने आधी फलकावर "नागपूरची लांब रोटी" असं मराठीत लिहून घेतलं होतं, अक्षरं मीच तपासली होती. तो फलक आता नाही. रांग चांगली लागते. मी एकदा जाऊन रांगेत उभा राहिलो.

"मराठी लोक येतात का?" मी विचारलं.

"येतात कधीकधी. मी इंग्लिशमध्ये बोलते."

"का गं? गाव विचारलंस तर..."

"काका, इथे कुणी मला काही विचारत नाही. दे जस्ट आस्क इफ इट्स व्हीगन." ती हसली. मग हात पुसत म्हणाली, "माझी आजी म्हणायची, रोटी करणारीला सगळे लग्नात बोलावतात, पंक्तीत नाही. मला वाटायचं ही जुनी गोष्ट आहे. आय थॉट आय वॉज लिसनिंग टु हिस्टरी."

मी तिला सांगितलं की मी लिहिणार आहे. ती म्हणाली, "लिहा. माझं आडनाव नको. आणि माझ्यासाठी कुणाची माफी मागून आणू नका, मला ती ठेवायला जागा नाही. जस्ट आस्क हू डिसाइडेड. मला फोन केला अध्यक्षांनी. पण ठरवलं कुणी? तेवढं मला माहीत पाहिजे. बाजारात कोणी मराठी माणूस माझ्यासमोर येऊन रोटी मागतो तेव्हा मी दर वेळी त्याच्या तोंडाकडे बघते, की हा तो आहे का."

हे ऐकल्यावर मला झोप नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला झोप लागते. मी सकाळी उठतो तो चिडूनच उठतो.

म्हणून आता विचारतो, सगळ्यांसमोर, छापील. समितीची बैठक झाली होती की नाही? झाली असेल तर तिथे हे कुणी मांडलं आणि कुणाकुणाच्या माना हलल्या? झाली नसेल तर एका फोनवर हे कुणी मिटवलं? अध्यक्षांनी "काही ज्येष्ठ मंडळी" म्हटलं. ही मंडळी कोण? त्यांना नावं आहेत, घरं आहेत, मंडळाच्या व्यासपीठावर त्यांचे सत्कार होतात. एका मुलीला तिचं आडनाव, तिच्या आजीची वस्ती, सगळं सांगावं लागलं. या मंडळींना मात्र नावाशिवाय राहण्याची मुभा आहे, आणि ती मुभा मी देणार नाही.

वार्षिक सभा जवळ आली आहे. मी माइकपाशी उभा राहीन आणि हाच प्रश्न विचारीन. उत्तर मिळेपर्यंत बसणार नाही. प्रणाली हॉलच्या दारात असेल. आत यायचं की नाही ते तिने अजून ठरवलेलं नाही, आणि ते ठरवायचा अधिकार फक्त तिचा आहे. ज्याने सौदा मोडायला सांगितलं त्याने किंवा तिने उठून उभं राहावं, आपलं पूर्ण नाव सांगावं आणि त्या मुलीच्या तोंडाकडे बघून कारण सांगावं. हॉलवाल्यांचं कारण नको. खरं कारण.